प्रक्रियेतला अपव्यय आणि चुका कमी करताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या गफलती

एखाद्या कामात सुधारणा करायची ठरली की बैठकीच्या पहिल्या दहा मिनिटांतच उपाय येऊ लागतात. सॉफ्टवेअर घेऊ. अजून एक तपासणारा बसवू. सगळ्यांचं ट्रेनिंग घेऊ. काही आठवडे आकडे बरे दिसतात, मग काम जुन्या वळणावर जातं आणि "आपल्याकडे हे चालत नाही" असा शेरा बसतो. पद्धतीत बहुधा खोट नसते, क्रम उलटा झालेला असतो. कारण कळायच्या आधी उपाय येतो, मोजमाप तपासायच्या आधी कारण ठरतं, आणि चूक कशाला म्हणायचं हे न ठरवताच मोजायला सुरुवात होते.

लीन (अपव्यय काढून टाकण्याची पद्धत) आणि सिक्स सिग्मा (आकड्यांच्या आधारे चुका कमी करण्याची पद्धत) यांच्या बहुतेक प्रशिक्षणांत व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण या पाच पायऱ्या शिकवतात. त्या सगळ्यांना पाठ असतात. पण प्रत्यक्षात पहिल्या तीन एका दुपारी उरकल्या जातात. या लेखात त्या तीन पायऱ्यांवरच जास्त वेळ घालवला आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ: पुरवठादारांची बिलं तपासून, मंजूर करून पैसे देण्याचं काम. बिल येतं, नोंद होते, पर्चेस ऑर्डरशी म्हणजे पीओशी जुळवणी होते, विभागप्रमुखाची मंजुरी मिळते, खात्यात एन्ट्री होते आणि पेमेंट जातं. यातले आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. कारखान्यातली लाइन असो की ग्राहकसेवेचा विभाग, क्रम हाच राहतो.

## टप्पा १: सुरू करण्याआधीची तयारी

प्रक्रिया निवडताना मोठी नको, वारंवार होणारी निवडा. वर्षातून दोनदा होणाऱ्या कामात पुरेशी माहिती जमत नाही आणि बदल लागू पडला की नाही हे कळायला वर्ष जातं. रोज किंवा दर आठवड्याला होणारं, सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेलं काम घ्या.

मग त्या प्रक्रियेचा धनी कोण ते ठरवा. बिलाचं काम खरेदी, भांडार, संबंधित विभाग आणि लेखा अशा चार ठिकाणांहून जात असेल, तर चौघंही "आमचा भाग नीट आहे" म्हणतील, आणि ते खरंही असेल. अडचण बहुतेक वेळा दोन विभागांच्या मधल्या जागेत असते. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या निकालाला उत्तरदायी असा एकच माणूस हवा, आणि नियम बदलायचा अधिकार त्याच्याकडे किंवा त्याच्या मागे उभ्या असलेल्या वरिष्ठाकडे हवा. हा माणूस मिळत नसेल तर प्रकल्प सुरूच करू नका.

टीम चार ते सहा जणांची पुरे. त्यातले निम्मे तरी रोज प्रत्यक्ष ते काम करणारे असावेत.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी वरिष्ठांच्या तोंडून सांगितली गेली पाहिजे: या कामातून वाचलेल्या वेळामुळे कोणाची नोकरी जाणार नाही, आणि चुकांच्या नोंदी कोणाच्या मूल्यमापनाला जोडल्या जाणार नाहीत. हे वचन पाळायची तयारी नसेल तर देऊ नका. एकदा का माणसांना वाटलं की नोंदवलेली चूक आपल्या अंगावर येते, की चुका कागदावरून गायब होतात आणि पुढचे सगळे टप्पे खोट्या आकड्यांवर उभे राहतात.

तपासणी: धनी ठरला का? कामाची हद्द एका वाक्यात सांगता येते का? "बिल कार्यालयात आल्यापासून पुरवठादाराच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत" ही झाली हद्द. "लेखा विभागाची कार्यक्षमता" ही हद्द नव्हे.

## टप्पा २: प्रश्न लिहून काढा, त्यात कारण आणि उपाय येऊ देऊ नका

एका परिच्छेदात लिहा: काय बिघडतंय, कुठे, कधीपासून, किती प्रमाणात, आणि त्याचा त्रास कोणाला. बस्स.

"मंजुरीला उशीर लागत असल्यामुळे बिलं अडकतात, म्हणून ऑनलाइन अप्रूव्हल आणणे" हे प्रश्नाचं वर्णन नाही. त्यात कारणही गृहीत धरलंय आणि उपायही ठरवलाय. त्याऐवजी असं लिहा: "गेल्या सहा महिन्यांत आलेल्या बिलांना पैसे मिळेपर्यंत सरासरी १२ कामाचे दिवस लागले, ठरलेली मुदत ७ दिवसांची आहे. सुमारे १२ टक्के बिलं एकदा तरी परत पाठवावी लागली." यातून कुठलीही दिशा आधीच बंद होत नाही.

उद्दिष्टही इथेच लिहा, पण आकडा जपून निवडा. सिक्स सिग्माच्या नावाखाली दहा लाखांत ३.४ चुका हा आकडा सगळीकडे फिरतो. महिन्याला आठशे बिलं हाताळणाऱ्या विभागाला तो भिंतीवर लावून उपयोग नाही, कारण एवढ्या कामात तो सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. १२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येणं हे मोजता येणारं आणि टीमला पटणारं उद्दिष्ट आहे.

## टप्पा ३: काम जिथे होतं तिथे जाऊन पाहा

प्रक्रियेचा नकाशा बैठकीच्या खोलीत काढू नका. तिथे काढलेला नकाशा नियमपुस्तकातला असतो. एक बिल हातात घ्या आणि त्याच्याबरोबर टेबल-टेबल फिरा. प्रत्येक ठिकाणी चारच गोष्टी विचारा: हे तुमच्याकडे कसं येतं, तुम्ही त्याचं काय करता, ते पुढे कधी जातं, आणि ते परत कधी पाठवावं लागतं? चौथ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त माहिती मिळते. "आम्ही परत नाही पाठवत, फोन करून विचारून घेतो," असं कोणी म्हणालं की तिथे थांबा. हा फोन कुठल्याही नोंदीत नसतो आणि दिवसाचा मोठा भाग खाऊन जातो.

फिरताना लोकांनी स्वतःसाठी केलेल्या सोयी बघा. टेबलावर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, सिस्टीम असूनही स्वतःची वेगळी ठेवलेली एक्सेल शीट, फाईलवर पेन्सिलीने मारलेली खूण. अशी प्रत्येक सोय सांगते की अधिकृत पद्धत या जागी पुरी पडत नाही.

प्रत्येक पायरीसमोर दोन वेळा लिहा: हात लागल्याचा वेळ आणि पडून राहिल्याचा वेळ. आपल्या उदाहरणात एका बिलावर सगळे मिळून २५ मिनिटं प्रत्यक्ष काम करतात आणि बिल १२ दिवस कार्यालयात असतं. आठ तासांच्या दिवसाने हे १२ दिवस म्हणजे ५,७६० मिनिटं. कामाचा वाटा अर्धा टक्काही भरत नाही. "लोकांनी भराभर काम करावं" हा उपाय इथेच बाद होतो. सगळ्यांनी दुप्पट वेगाने काम केलं तरी एका बिलामागे साडेबारा मिनिटंच वाचतील.

अपव्ययाचे सात प्रकार डोळ्यांसमोर ठेवा: गरजेपेक्षा जास्त किंवा आधी काम करणं, वाट पाहणं, वस्तूंची ने-आण, नको तेवढी प्रक्रिया, साठा, माणसांची अनावश्यक हालचाल आणि सदोष काम. माणसांचं कौशल्य वाया जाणं हा आठवा प्रकार हल्ली त्यात धरतात. कार्यालयात साठा गोदामात दिसत नाही, तो इनबॉक्समध्ये असतो. न वाचलेले मेल, पेंडिंगचा गठ्ठा, "उद्या बघू" म्हणून ठेवलेल्या फाइली हा सगळा साठाच.

इशारा: या टप्प्यावर काहीही दुरुस्त करू नका. मूळ स्थितीचे आकडे घ्यायच्या आधीच बदल केलात, तर नंतर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. अपवाद एकच: कोणाच्या जिवाला किंवा ग्राहकाला थेट धोका असेल तर तो लगेच थांबवा.

## टप्पा ४: चूक म्हणजे काय ते ठरवा आणि मोजणाऱ्यांची परीक्षा घ्या

सर्वांत जास्त प्रकल्प इथे फसतात, आणि फसल्याचं कोणाला कळतही नाही.

"सदोष बिल" कशाला म्हणायचं? पीओ क्रमांक नाही, दर जुळत नाही, हे उघड आहे. पण पुरवठादाराचा जुना पत्ता छापलाय आणि बाकी सगळं बरोबर आहे, तर? बेरजेत अगदी किरकोळ फरक असेल, तर? एक जण अशी बिलं परत पाठवतो, दुसरा हाताने दुरुस्त करून पुढे सरकवतो. दोघांच्या नोंदी एकत्र केल्या की मिळालेला टक्का बिलांबद्दल काहीच सांगत नाही, तो कोणाची पाळी होती एवढंच सांगतो.

व्याख्या लिहा आणि तिच्या जोडीला सीमेवरची उदाहरणं द्या: हे सदोष, हे नाही. कारखान्यात त्यासाठी मान्य आणि अमान्य नमुने लाइनवर टांगून ठेवतात. कार्यालयात खऱ्या बिलांच्या प्रती चालतात.

मग परीक्षा घ्या. तीस बिलं निवडा. साधारण निम्मी चांगली, निम्मी सदोष, आणि त्यात काही मुद्दाम सीमेवरची. तीन तपासणाऱ्यांना ती वेगवेगळी तपासायला द्या. काही दिवसांनी तीच बिलं क्रम बदलून पुन्हा द्या. आता तीन गोष्टी बघा: प्रत्येक जण स्वतःशी सहमत आहे का, तिघं एकमेकांशी सहमत आहेत का, आणि तिघं जाणकाराने ठरवलेल्या उत्तराशी सहमत आहेत का. दहातल्या नऊ वेळांपेक्षा कमी जुळत असेल तर मी पुढे जात नाही, व्याख्या पुन्हा लिहायला घेतो.

मोजमाप उपकरणाने होत असेल, उदाहरणार्थ मायक्रोमीटरने व्यास मोजायचा असेल, तर तेच काम गेज आर अँड आर या चाचणीने होतं. एकूण फरकात मोजण्याच्या पद्धतीचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, ३० टक्क्यांच्या वर असेल तर त्या मोजमापावर निर्णय घ्यायचा नाही. मधल्या पट्ट्यात मोजणी किती नाजूक आहे ते पाहून ठरवायचं.

वेळेच्या नोंदींचंही तेच. "बिल आलं" ही वेळ कोणती धरायची? टपाल आलं ती, की कोणीतरी सिस्टीममध्ये एन्ट्री केली ती? एन्ट्री तीन दिवसांनी होत असेल तर तुमच्या रिपोर्टमध्ये तीन दिवस आधीच पुसले गेलेत.

तपासणी: नवीन माणसाला फक्त लिहिलेली व्याख्या दिली, तोंडी काहीही सांगितलं नाही, तर तो तुमच्याइतकीच सदोष बिलं काढतो का?

## टप्पा ५: आजची खरी पातळी मोजा

शेवटच्या टोकाला किती माल बाद झाला एवढंच मोजू नका. वाटेत दुरुस्त होऊन पुढे गेलेलंही मोजा. पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत ९५ टक्के काम पहिल्याच फेरीत बरोबर होतं असं समजू. प्रत्येक विभागाचा रिपोर्ट छान दिसेल. पण ०.९५ चा पाच वेळा गुणाकार केला की ०.७७ येतो. म्हणजे शंभरातली २३ बिलं कुठे ना कुठे एकदा तरी मागे फिरतात. दहा पायऱ्या असतील तर ४० फिरतात. शेवटचा निकाल ९९ टक्के चांगला दिसत असेल तर तो रिवर्क, म्हणजे पुन्हा दुरुस्ती, करून आणलेला आहे, आणि त्याची किंमत कोणाच्याच खात्यात पडलेली नाही.

लागणारा वेळ काढायला एक साधं सूत्र पुरतं: चालू कामांची संख्या भागिले रोज पूर्ण होणारी कामं. ४८० बिलं पेंडिंग आहेत आणि रोज ४० निघतात, तर आज आलेल्या बिलाला सरासरी १२ दिवस लागणार. हे लिटलचं सूत्र, काम साधारण स्थिर गतीने चालू असेल तेव्हा लागू पडतं. निघणारी संख्या तीच ठेवून पेंडिंग कमी केलं की वेळ कमी होतोच.

आकडे एका सरासरीत कोंबू नका, आठवड्यांच्या क्रमाने मांडा. आठवड्याला २०० बिलं येतात आणि सरासरी १२ टक्के सदोष निघतात असं समजा. नियंत्रण आलेखाच्या, म्हणजे नेहमीचा चढउतार कुठपर्यंत हे दाखवणाऱ्या आलेखाच्या, हिशेबाने ०.१२ गुणिले ०.८८ भागिले २००, त्याचं वर्गमूळ म्हणजे सुमारे २.३ टक्के. त्याची तिप्पट साधारण ६.९. म्हणून १२ च्या दोन्ही बाजूंना तेवढं अंतर ठेवून मर्यादा येतात ५.१ आणि १८.९ टक्के. एका आठवड्यात ९ आले आणि दुसऱ्यात १५ आले, तर काहीच घडलेलं नाही. ही त्या व्यवस्थेची रोजची चाल आहे.

इशारा: १५ टक्के आले म्हणून झाडाझडती आणि ९ आले म्हणून कौतुक, हे दोन्ही थांबवा. मर्यादेतल्या चढउतारावर दर वेळी काहीतरी बदलत गेलात तर चढउतार कमी होण्याऐवजी वाढतो. मशीनच्या प्रत्येक पार्टनंतर सेटिंग हलवणारा ऑपरेटर नेमकं हेच करत असतो.

## टप्पा ६: कारण शोधा आणि मग ते सिद्ध करा

आधी चुकांची वर्गवारी करा आणि मोठ्यापासून छोट्याकडे लावा. समजा शंभर सदोष बिलांत पीओ क्रमांक नसलेली ४१, दर न जुळणारी २३, माल मिळाल्याची नोंद नसलेली १७ आणि बाकी किरकोळ कारणांची १९ आहेत. पहिल्या गटावर काम करा. चारही गट एकदम हातात घेतले की टीम पांगते.

मग "का" विचारत खाली जा. बिल परत का गेलं? पीओ क्रमांक नव्हता. का नव्हता? पुरवठादाराकडेच तो नव्हता. का? ऑर्डर फोनवर दिली गेली, पीओ नंतर बनला. नंतर का? विभागाला माल दोन दिवसांत हवा होता आणि पीओ निघायला आठवडा लागतो. आठवडा का? खरेदी छोटी असो वा मोठी, तीन सह्या लागतात. इथे थांबता येतं, कारण आता आपण बदलता येईल अशा नियमापर्यंत आलो.

ही साखळी "पुरवठादार निष्काळजी आहे" किंवा "कर्मचाऱ्याचं लक्ष नव्हतं" इथे संपली असती तर ती अर्धवट राहिली असती. माणसाचं लक्ष नसणं हे कारण म्हणून लिहिलं की उपाय ठरलेला: समज देणे. त्याने आठवडाभर फरक पडतो. लक्ष नसतानाही काम बरोबर व्हावं अशी सोय का नव्हती, हा पुढचा प्रश्न विचारायचा.

पण "का" विचारून मिळालेलं उत्तर हा अजून अंदाजच आहे, आणि खोलीतला सगळ्यात ठाम बोलणारा माणूस तो ठरवत असतो. तो आकड्यांपुढे उभा करा. वरचं कारण खरं असेल तर ज्या बिलांचा पीओ ऑर्डरनंतर बनला, त्यांच्यात दोषाचं प्रमाण जास्त दिसलं पाहिजे. एका आठवड्याची २०० बिलं काढा. समजा ५० बिलांचा पीओ ऑर्डरनंतरचा निघाला आणि त्यातली १८ सदोष होती, म्हणजे ३६ टक्के. उरलेल्या १५० मध्ये ६ सदोष, म्हणजे ४ टक्के. आता कारणाला आधार मिळाला. दोन्हीकडे १२-१२ टक्के निघाले असते तर कितीही पटणारी गोष्ट असली तरी ती सोडून द्यावी लागली असती.

तपासणी: तुमचं कारण खोटं असेल तर आकड्यांत काय दिसेल, हे आकडे बघायच्या आधी लिहून ठेवलंत का? नंतर लिहिलं तर प्रत्येक आकडा तुमच्याच बाजूने बोलू लागतो.

## टप्पा ७: बदल करा, ठरलेल्या क्रमाने

इथे घाई सुटते. तरी क्रम पाळा.

पहिलं, नको ते काम काढून टाका. कोणी न वाचणारा रिपोर्ट, दोनदा होणारी तीच एन्ट्री, कोणीही न नाकारलेली मंजुरी. गेल्या वर्षात एखाद्या सहीच्या टप्प्यावर एकही बिल नाकारलं गेलं नसेल, तर ती सही नेमकी काय राखतेय हे विचारायला हवं. मात्र कायद्याने किंवा लेखापरीक्षणासाठी लागणाऱ्या पायऱ्या त्या त्या जाणकाराला विचारल्याशिवाय काढू नका.

दुसरं, वाट पाहणं कमी करा. गठ्ठ्याने होणारं काम इथे सगळ्यात आधी पकडा. विभागप्रमुख आठवड्यातून एकदाच सह्या करत असतील, तर बिलं कधीही येवोत, प्रत्येकाला सरासरी साडेतीन दिवस नुसती वाट बघावी लागते. रोज अर्धा तास सह्यांना दिला तर ही वाट दिवसाच्या आत येते. यासाठी एक पैसा लागत नाही. कारखान्यात बॅच लहान करायची तर आधी सेटिंग बदलायचा वेळ कमी करावा लागतो, नाहीतर मशीन चालण्यापेक्षा बदलण्यातच जास्त वेळ जाईल.

माणसांवरचा भारही बघा. काम अनियमितपणे येत असेल तर रांगेच्या साध्या गणितात ८० टक्के भरलेल्या टेबलासमोर सरासरी वाट एका कामाच्या वेळेच्या चौपट असते. ९० टक्के भरलं की नऊपट, ९५ ला एकोणीसपट. प्रत्येक माणूस सदैव गुंतलेला असावा हा आग्रह आणि काम लवकर निघावं ही अपेक्षा, दोन्ही एकदम पुऱ्या होत नाहीत. ज्या टेबलावर रांग सगळ्यात लांब आहे, तिथेच थोडी उसंत निर्माण करा. बाकी ठिकाणचा वेग वाढवून फक्त त्या टेबलासमोरचा ढीग वाढतो.

तिसरं, सिद्ध झालेल्या कारणावर घाव घाला. आपल्या उदाहरणात ठरावीक रकमेखालच्या खरेदीला एकच सही, म्हणजे पीओ त्याच दिवशी निघेल आणि ऑर्डरबरोबरच त्याचा क्रमांक पुरवठादाराला जाईल.

चौथं, चूक होऊच नये अशी आडकाठी बसवा. पार्ट उलटा बसूच शकणार नाही असा जिग (पार्ट धरून ठेवणारा साचा), यादीतूनच निवडायचा पर्याय, क्रमांकाशिवाय पुढे न जाणारा फॉर्म. जपानी कारखान्यांतून आलेल्या या पद्धतीला पोका-योके म्हणतात. हे चौथ्या क्रमांकावरच करायचं, कारण तिसरं काम, म्हणजे मूळ कारण दूर करणं, झालं नसताना फॉर्ममध्ये पीओ क्रमांक सक्तीचा केलात, तर आठवड्याभरात सिस्टीममध्ये "०००००" आणि "९९९९९" क्रमांकाची बिलं दिसू लागतील. लोक लबाड असतात म्हणून हे होत नाही. काम तर पुढे न्यायचं असतं आणि खरा क्रमांक अजून जन्मालाच आलेला नसतो.

ऑटोमेशन सगळ्यात शेवटी. गचाळ प्रक्रिया सॉफ्टवेअरमध्ये घातली की ती गचाळच राहते, फक्त पुढच्या वेळी बदलायला महाग पडते.

इशारा: तपासणीच्या पायऱ्या अपव्ययासारख्या दिसतात, आणि तत्त्वतः त्या आहेतही. तरी कारण दूर होऊन आकडे स्थिरावल्याशिवाय तपासणी काढू नका. घाईने काढली तर चुका तेवढ्याच राहतात, त्या पकडणारं कोणी उरत नाही आणि त्या थेट ग्राहकाच्या हातात पडतात. उलटपक्षी एकामागोमाग दुसरी तपासणीही वाढवू नका. दोघं बघतात म्हटलं की पहिला दुसऱ्यावर विसंबतो आणि दुसरा पहिल्यावर.

बदल आधी एका विभागात किंवा एका शिफ्टमध्ये करून पाहा. निवडताना सर्वांत उत्साही विभाग घेऊ नका, तिथे काहीही यशस्वी होतं. मध्यम घ्या. चाचणी किती दिवस चालेल आणि कुठला आकडा आला तर बदल मागे घ्यायचा, हे सुरू करण्याआधी कागदावर हवं. चाचणीत किमान एक महिनाअखेर तरी येऊ द्या, कारण खरी गर्दी तेव्हाच असते.

तपासणी: चाचणीत दोन आकडे सोबत बघा. वेळ कमी झाला आणि चुका वाढल्या, किंवा चुका कमी झाल्या आणि बिलं मागच्या टेबलावर साचली, तर सुधारणा झालेली नाही. अडचण फक्त इकडची तिकडे सरकलीय. मागच्या टेबलावर जाऊन स्वतः गठ्ठा बघा.

## टप्पा ८: नवी पद्धत टिकवा

नवीन पद्धत एका पानावर लिहा. लिहिणारा तोच असावा जो ते काम करतो. स्क्रीनचे किंवा जागेचे फोटो घाला. चाळीस पानी मॅन्युअल कोणी उघडत नाही.

त्याला जोडून नियंत्रणाचा तक्ता: काय मोजायचं, कोणी, कधी, मर्यादा किती, आणि मर्यादा ओलांडली तर पहिल्या तासात काय करायचं. शेवटचा रकाना हमखास रिकामा सोडला जातो किंवा त्यात "वरिष्ठांना कळवणे" लिहिलेलं असतं. वरिष्ठांनी मग काय करायचं, तेही लिहा.

आलेखाच्या मर्यादा नव्याने काढा. सदोष बिलं ३ टक्क्यांवर स्थिरावली असतील तर २०० बिलांच्या हिशेबाने वरची मर्यादा सुमारे ६.६ टक्के येते. खालची शून्याखाली जाते, म्हणून शून्यच धरायची. जुन्या मर्यादा तशाच ठेवल्या तर दोष पुन्हा १० टक्क्यांवर गेला तरी आलेख शांत राहील. मर्यादेबाहेर एक बिंदू गेला, किंवा सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, की थांबून कारण शोधा. खालच्या बाजूला पडले तरी शोधा. कदाचित कोणाला चांगली युक्ती सापडली असेल, कदाचित नोंदी करणंच थांबलं असेल.

आकडा एकटा कधीच ठेवू नका. फक्त "सात दिवसांत मंजूर झालेली बिलं" मोजायला लागलात की अवघड बिलं सातव्या दिवशी परत पाठवली जातील आणि नव्या तारखेने पुन्हा नोंदवली जातील. म्हणून वेळेच्या जोडीला परत गेलेल्यांचा आकडा, आणि दोन्हींच्या जोडीला पुरवठादारांच्या तक्रारी.

प्रकल्प बंद करण्याआधी तीन गोष्टी बघा. प्रकल्पाच्या टीममधला कोणीही हजर नसताना आलेख सलग तीन महिने भरला गेलाय का. या काळात रुजू झालेल्या नव्या माणसाला ते एक पान वाचून काम जमतंय का. आणि टप्पा ३ मध्ये दिसलेल्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या आणि खासगी एक्सेल शीट बंद झाल्यात का. त्या अजून चालू असतील तर वापरणाऱ्याला विचारा की नव्या पद्धतीत त्याला काय कमी पडतंय, आणि त्याचं उत्तर घेऊन टप्पा ६ पासून पुन्हा सुरू करा.